वाक्यात उपयोग करा

सातवीत निकुंभ बाईंनी फळ्यावर लिहिलं :
वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
नाक मुरडणे.
मी लिहिलं, नाक मुरडणे म्हणजे नाक मुरडणे.
मी दिवसातून साधारण दोनशे वेळा नाक मुरडते.
बाईंनी शून्य दिलं, मान वर करून माझ्याकडे पाहिलं
आणि मी नेमकी मुरडत होते.
तास संपेपर्यंत अंगठे धरून वाकलेली.

तेव्हापासून माझ्या चेहऱ्याचं आणि मराठीचं पटत नाही.
डोळा मिचकला की खूण,
भुवई उडाली की संशय,
ओठाचा कोपरा गालात ओढला गेला
की कुणीतरी विचारतंच, हसलीस का गं?
नाही. चार वाजलेत.
चार वाजता तो कोपरा जातो तिकडे.

आई म्हणायची, डावा लवतोय ना, मग चांगलं.
बाईमाणसाचा डावाच लवावा.
सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत
इतके शुभशकुन साठले होते
की आई चहाचं आधण रोज दोन कप जास्त ठेवायची.
कोणी आलं नाही.
तो चहा बाबा प्यायचे, गार झाल्यावर.

आता सातपूरला बुश तपासते.
चारशेच्या ट्रेमधला एक वाकडा
मला मायक्रोमीटर लावायच्या आधी टोचतो.
तेवढा वेळ चेहरा गप्प असतो,
झोपलेल्या मुलासारखा. त्याला मी उठवत नाही.
जेवणाच्या सुट्टीत मात्र दाबून धरावं लागतं,
आणि सहा वाजता रिक्षात, त्र्यंबक नाक्याच्या आसपास,
डोळे, नाक, जबडा, सगळं एकदम बाहेर पडतं
शाळा सुटल्यासारखं.
रिक्षावाला आरसा वर करतो.

बोरस्ते सुपरवायझर नवीन होते तेव्हा
सगळ्या लाइनसमोर म्हणाले, मॅडम, डोळा मारलात की काय?
लाइन हसली. ते सोमवारी.
मला विनोद गुरुवारी कळला,
भाकरी थापताना. मग मी एकटीच चिडले,
भाकरी फाटली.

एक्केचाळिसाव्या वर्षी गंगापूर रोडला, दुसरा मजला.
डॉक्टर गायधनींचा पंखा दर तिसऱ्या फेरीला कुरकुरतो.
ते म्हणाले, ह्याला टिक्स म्हणतात.
आणि ते कुकरच्या शिट्टीनं जीव जाणं,
नजरेला नजर न देणं, डबे झाकणांच्या रंगांनी लावणं,
तो ऑटिझम असावा.
दोन्ही पुष्कळदा एकाच घरात सापडतात.
मी विचारलं, एकामुळे दुसरं?
म्हणाले, तसं सांगता येत नाही. संबंध असू शकतो.

असू शकतो.
मायक्रोमीटरवर अशी रेघ नसते.
मी त्यांना आमची सिडकोतली भिंत सांगितली,
आमची आणि खैरनारांची, सामाईक.
ओल नक्की कुणाच्या बाजूची
ह्यावर सव्वीस वर्षं वाद चालला.
दोघांनीही आपापल्या बाजूला रंग दिला.
ओल दोघांकडेही होती.
डॉक्टर हसले, बहुतेक. मी पंख्याकडे बघत होते.

जिना उतरताना रडू येईल असं वाटलं होतं.
पायऱ्या मोजल्या, बावीस.
खाली उसाचा रस प्यायले, आलं जास्त घालून.
दोनशे वेळा ह्या आकड्याला
आता एक नाव होतं, एवढंच,
आणि निकुंभ बाई हयात आहेत का
हे कुणाला तरी विचारावंसं वाटलं.

काल रविवार कारंजाला फोटो काढायला गेले,
कंपनीचं नवं ओळखपत्र.
पोरगा म्हणाला, ताई, हलू नका.
मी नाही हलले. चेहरा हलला.
अकरा फोटो काढले त्यानं. मी सातवा घेतला.
ह्यात नाक मुरडलंय, तो म्हणाला.
हो, म्हटलं, आठ कॉपी द्या.

कापताना एक अर्ध्या मिलिमीटरनं तिरकी गेली.
मी ते त्याला सांगितलं.
त्याला राग आला की नाही
त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही.