दुसरी ब, पट एकतीस

पूर्वी हजेरीला चार मिनिटं लागायची.
आता ती सकाळी आठला सुरू होते
आणि रात्री कुकर घासून पालथा घालताना
ओट्यावरचा फोन थरथरतो,
तेव्हा कुठे वर्ग भरत आलेला असतो.

घणसोलीच्या माझ्या दीड खोलीत
कपाटाच्या दाराचा फळा झालाय.
गुळगुळीत रंगावर खडू टिकत नाही.
सहाचा पाढा साठपर्यंत पोचतो
तोवर सहा एके सहा गळून पडलेलं.

ईश्वरी गायकर सगळ्यांत आधी.
तिच्या 'हजर बाई'मागे कोंबडा आरवतो
आणि काकी त्याला आगरीत झापते.
तन्वीर दुपारी दोनला,
अब्बू रिक्षा लावून जेवायला आले की.
पूनम जयस्वार
थोरल्याची दहावी उरकल्यावर,
उरलेल्या नऊ टक्के बॅटरीत, धावत धावत.
आणि शिवलिंग बिराजदार
रबाळ्याच्या कंपनीतून वडील
दुसरी पाळी संपवून येईपर्यंत
जागा राहतो.
झोपेनं जड झालेला एकच शब्द,
'हजर.'
मी चौकोनात खूण करते.
वेळेचा रकाना या वहीत कधी नव्हताच.

मंगळवारी सांगितलं, घरातली गोल वस्तू शोधा.
तवा आला. बांगडी आली. नळाचा वॉशर.
रिक्षाची स्टेपनी, तिला टेकून
हाताची घडी घातलेला तन्वीर.
मोनिष पावशेनं पाठवली
खाडीत चिंबोऱ्या धरायची पगोळी.
हा शब्द मला ठाऊक नव्हता.
वहीत उतरवून घेतला,
मागच्या पानावर, जिथं मुलं चित्रं काढतात.

रात्री सव्वा अकराला शिवलिंग:
'बाई, शून्य घरातलं असतं का?'
मी म्हटलं, तुझ्या वहीत आहे ना?
'आहे.'
मग घरातलंच.

कधी कधी नुसताच आवाज येतो.
पंखा. भांडी. कुणीतरी कुणाला तरी ओरडतंय.
चाळीस सेकंद वाट बघून शेवटी
'विसरलो, बाई.'
तेवढंही मी पुन्हा ऐकते.
पस्तीस वर्षांच्या बाईनं
असं काही करू नये बहुतेक.

सतरा नंबर, यल्लप्पा धोत्रे.
दिघ्याची खाण बंद पडली तशी
टेम्पोत भांडी, बकरी आणि तीन भावंडं घालून
ते अक्कलकोटकडे गेले.
फोन बंद. नंतर तो नंबर
कुणा दुसऱ्याच बाईंनी उचलला,
त्या कानडीत काहीतरी मायेनं बोलल्या
आणि मला एक शब्द कळला नाही.

दुसऱ्या दिवशी पूनम,
वर्गात शेजारच्याची बाजू घ्यायची तशीच,
न विचारता:
'सोळा हजर. सतरा गावाला गेलाय, बाई.
पण त्याची कंपासपेटी माझ्याकडे आहे.'

शनिवारी तक्ता भरायचा असतो.
पट किती, उपस्थिती किती,
ऑनलाइन किती, ऑफलाइन किती.
रात्रीच्या सव्वा अकरासाठी जागा नाही.
तन्वीरची तीन वर्षांची बहीण झोया
रोज त्याच्या आधी ओरडते, 'हदल!'
ती कुठल्याच यादीत नाही.
मी तिला पेन्सिलीनं लिहिलंय,
खोडता येईल इतकं हलकं,
अजून खोडलेलं नाही.
तक्त्यात लिहिलं, हजर एकतीस.
साहेबांनी विचारलं तर
काय सांगायचं ते ठरवलेलं नाही.

मग पंखा बंद करते, खिडकी लावते,
शेजारचा मिक्सर सुरू व्हायच्या आत
उद्याची हजेरी आत्ताच भरून ठेवते.
चौदा. पंधरा. सोळा.
सतरा.
इथं थांबते,
मागच्या बाकावरून एका मुलानं
दप्तर सावरत उठून उभं राहावं,
तेवढा वेळ.
अठरा.