बावीस हजार तीनशे बारा

जूनच्या अखेरच्या आठवड्यात त्या येतात,
दार उघडलं की पहिल्या.
कुराहाशी मित्सुए. वय एक्याऐंशी.
पर्समधून पाकीट, पाकिटातून लाभांशाची पावती,
पावतीवर उमटवायचा शिक्का.
शिक्क्याला त्या आधी तोंडाची वाफ देतात,
मग दाबतात. सरळ. श्वास रोखून.

ताकेहाराच्या या पोस्टात मी खिडकी क्रमांक दोन.
एक हजार शेअर, शेअरमागे अठ्ठावीस येन,
सरकारने आपला वाटा आधीच उचललेला,
उरले बावीस हजार तीनशे बारा.
मी सुट्ट्या नाण्यांसकट मोजून देते.
त्या पुन्हा मोजतात, पदर नसलेल्या ओच्यात
काही बांधल्यासारख्या दोन्ही हातांनी धरतात,
आणि तिथल्या तिथे, त्याच खिडकीत,
सगळे माझ्याकडे परत देतात:
"खात्यात भरा."

नवरा दोरखंडाच्या कारखान्यात, एकतीस वर्षं.
दर पगारातून थोडे शेअर कापून घ्यायचा.
"मला शिवणयंत्र हवं होतं," त्या एकदा म्हणाल्या,
"त्याने कागद आणला. मी आठ दिवस बोलले नाही."
आता तो नाही. कागदही नाही,
सगळं कुठल्याशा संगणकात आहे म्हणे.
मुद्दल कुणी पाहिलेलं नाही;
साय तेवढी दर जूनला या खिडकीवर धरते.

मुलगा ओसाकाहून सांगतो, विकून टाक, आई.
फंडात घाल. जगभरच्या तीन हजार कंपन्या,
एखादी बुडाली तर तुला कळणारसुद्धा नाही.
"पण मला कळायला हवं ना,
कोण बुडालं ते."

माझाही फंड आहे. दरमहा दहा हजार,
पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप जातात.
तो मला काही देत नाही. आलेला लाभांश
स्वतःच गिळतो आणि अंगाने भरतो.
फोनवर हिरवा आकडा, कधी लाल.
आमचं कधी भांडण झालेलं नाही.

यंदा त्या लवकर आल्या. पावती नव्हती,
सभेची नोटीस होती.
"चष्मा विसरले," म्हणाल्या. चष्मा गळ्यात होता.
मी वाचलं: या वर्षी लाभांश देता येत नाही,
भागधारकांची मनःपूर्वक क्षमा.
"पुन्हा वाचा."
मी पुन्हा वाचलं. तेच होतं.

अर्ध्या दिवसाची रजा काढून मी त्यांना गाडीतून नेलं.
सभा कारखान्याच्या उपाहारगृहात, घड्या घालता येणाऱ्या खुर्च्या,
सोबतीला आलेल्यांसाठी भिंतीलगत एक बाक.
अध्यक्ष कमरेतून वाकले, इतका वेळ
की पंखा त्यांच्यावरून तीनदा फिरून गेला.
कुणी धाग्याचा भाव विचारला, कुणी येनचा,
कुणी थेट, पैसे कधी?
मग त्यांनी हात वर केला.
"तीन नंबरचं यंत्र चालू आहे का?"

अध्यक्षांनी कागद चाळले. शेजारच्याने त्याचे चाळले.
मागच्या दारातून, चहाची किटली हातात घेतलेला
निळ्या गणवेशातला एकजण बोलला:
"चालू आहे. डावीकडून जरा आवाज करतं."
"करतंच ते," त्या म्हणाल्या
आणि बसल्या.

सोमवारी पुन्हा साडेनऊ. पासबुक.
"चव्वेचाळीस हजार सहाशे चोवीस काढायचेत."
दोन जूनांचे, मी मनात भागलं.
"भाव पडलाय. शंभर आणखी घेईन म्हणते."
"आम्ही शेअर विकत नाही, कुराहाशीसान."
"ठाऊक आहे. स्टेशनापाशी विकतात.
मी फक्त माझे पैसे न्यायला आले."

मी मोजले. त्यांनी मोजले.
पर्सची कडी लावता लावता विचारलं:
"तुमचा तो फंड,
आवाज करतो का?"

मागे रांग होती.
मी पुढचा नंबर पुकारला.