तलाठी

मेंढरं गेली त्या दिवशी टेम्पोमागं
खरसुंडीच्या फाट्यापर्यंत पळाला.
सांजच्याला परतला, पायांत कुसळं,
आणि रिकाम्या वाघरीसमोर बसला
कुणीतरी हिशेब चुकवलाय असा.

नाव तलाठी. पिल्लू होता तेव्हाच बिरूनं ठेवलेलं,
एक कोकरू कमी भरलं तरी
दफ्तर मिटू द्यायचा नाही म्हणून.
एकशे वीस मेंढरं त्याला तोंडपाठ.

मग आटपाडीच्या बाजारातून
मी बारा कोंबड्या आणल्या, पाय बांधून, उलट्या.
अंगणात सोडल्या.
तलाठी उठला. दहा दिवसांत पहिल्यांदा.
पोट भुईला लावून त्यानं अर्धा गोल घेतला
ओढ्याच्या काठानं घ्यायचा तसा, सावकाश.
एक मेंढरू वळलं की कळप वळतो.
एक कोंबडी वळली
तर बाकीच्या अकरा दिशांना अकरा,
आणि त्यातल्या दोन सरळ बाभळीवर.

बाभळीखाली तो उभा.
भुई हुंगली, बुंध्याला फेरी मारली, पुन्हा भुई हुंगली.
वर, हे त्याच्या शिवारात नव्हतंच.
वर कुणी चरत नाही.
वर कुणी हरवत नाही.

तिसऱ्या दिवशी तांबडी मेली.
चावला नाही तो. रक्ताचा थेंब नाही.
ती बांध ओलांडून परक्या ज्वारीत निघाली,
यानं पंजा ठेवला,
कोकराला थोपवताना ठेवायचा तेवढाच.

शेजारची इठाबाई म्हणाली, बांध गळ्यात.
कुजंस्तवर ऱ्हाऊ दे, पुन्यांदा वास घ्यायचा न्हाई.
मी बांधली सुतळीनं.
त्याला ती शिक्षा आहे हे कळलंच नाही.
तिच्यावर अंग पडू नये म्हणून
रात्रभर मान वाकडी करून निजला,
आणि सकाळी कावळा आला
तर कावळ्यावर गुरगुरला.
विळा घेतला, सुतळी कापली.
इठाबाई दोन दिवस बोलली नाही.

मग दोराच्या एका टोकाला तो, दुसऱ्याला मी.
मध्ये मक्याचे दाणे, दाण्यांवर कोंबड्या.
बस, म्हटलं की बसायचा,
पण शेपटीचं टोक एकटंच
वळायला निघालेलं असायचं.
माझ्या तळहातांची सालं गेली.
भाकरी थापताना झोंबायचं, तेव्हा त्याला शिव्या,
आणि पहिली भाकरीही त्यालाच.

दिवाळीच्या आधी खुडूक बसलेली कबरी
नऊ पिलं घेऊन थेट त्याच्या थाटलीत घुसली.
नाकावर टोच मारली त्याच्या.
एवढं धूड, दोनदा लांडगा परतवलेलं,
मागं सरकलं आणि माझ्याकडं बघू लागलं,
हिला कुठल्या रकान्यात लिहू?

काल दुपारी अंगणावरून घारीची सावली गेली.
तो सावलीवरच धावला आधी, सवयीनं.
सावली भिंतीवर चढली, पत्र्यावर गेली, संपली.
कबरीनं घशातून बारीक आवाज काढला,
पिलं पंखाखाली.
तलाठी थांबला.
मान उचलली. आणखी उचलली.
आणि भुंकला, आभाळावर,
जन्मात पहिल्यांदा.
घार शुकाचारीच्या डोंगराकडं गेली
तरी तो तसाच, वर तोंड करून,
एवढं रान इतके दिवस
कुणी राखत नव्हतं की काय!

रात्रपाळीला जाण्याआधी बिरूचा फोन येतो.
तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर असतो तो,
टोपी, शिट्टी, दांडकं.
म्हणतो, खोकी जिथल्या तिथंच असतात गं,
राखायचं काय त्यात.
मग थांबून, तलाठी काय करतोय?
म्हटलं, पडलाय. पाठीवर कबरी बसलीय.
बराच वेळ नुसता टेम्पोचा हॉर्न ऐकू आला तिकडचा.
मग, मोजल्यास का कोंबड्या?
अकरा.
आणि पिलं?
ते दफ्तर त्याच्याकडं.