पंख्याचा आवाज

ग्लेंडेलला, गॅरेजमागच्या खोलीत
आरपिने आवाज कापते: दारं, पावलं,
बोलायच्या आधी माणूस घेतो तो श्वास.

कंपनी बुडत होती तेव्हाही
हिने त्यांचंच घेतलं होतं, उसनवारी करून.
आताचं मशीन नऊ वर्षांचं.
कूस उघडली की हात कोपरापर्यंत आत जातो.

नवीन येणार, येणार म्हणता
फोन आले. गुलाबी. मग जांभळे.
यंदा मंचावरच्या माणसाने ‘प्रो’ म्हणत
खिशातून काढून दाखवला.

आरपिने काही बोलली नाही.
खिडकी लावली, दिवा मालवला
आणि डोळे मिटून ऐकत बसली
डावा पंखा नेमका कुठे घासतोय.

आईच्या शिलाई मशीनचं तेल आहे घरात.
एक थेंब.
हा सिनेमा तरी निभेल.