पिवळं आलं का

नळीत पाणी घ्यायचं खुणेपर्यंत,
ओटीचे थेंब सोडायचे,
बुचावर अंगठा दाबून उलटंपालटं करायचं
आणि उजेडाकडं धरायचं.
पिवळं आलं, तर प्या.
नाही आलं, तर थांबा.
ग्रामपंचायतीनं मला एवढंच शिकवलं,
मोहोळला, अर्ध्या दिवसात, चहा-बिस्किटासकट.

सीना घरात येऊन गेली त्या वर्षी
नळाला घागर लावायच्या आधी
बाया माझ्या हाताकडं बघायच्या.
"रेवण्णा, पिवळं आलं का रं?"
मी नळी वर धरायचो.
हळद विसळलेल्या पाण्याएवढा फिका रंग
आणि त्याच्यामागं अख्खी आळी, श्वास धरून.
तेवढं मला कुणी कधी मानलं नव्हतं.

पाणी तर चार दिवसांत उतरलं.
कॅमेरेवाले सहाव्या दिवशी गेले,
चादरी आणि एकाच मापाच्या चपला वाटणारे
दिवाळीच्या आत.
मग राहिलो आम्ही, आणि खरूज.
बोटांच्या बेचक्यांत, पोरांच्या काखांत,
रात्रभर घराघरांतून खाजवल्याचा आवाज,
जसं कुणी ओल्या भिंती खरवडतंय.

मल्लव्वाची बीपीची गोळी वाहून गेली होती.
कुठली, ते तिला ठाऊक नव्हतं.
"पांढरी की. बारकी."
शिबिरात सगळ्याच गोळ्या पांढऱ्या आणि बारक्या.
चिठ्ठी गेलेली, डबी गेलेली,
नवं कार्ड होईस्तोवर ती नुसती तांब्याभर पाणी पिऊन झोपायची.
फेब्रुवारीत तिचं तोंड वाकडं झालं.
ते पुरात धरलं नाही.
पुराची यादी ऑक्टोबरातच बंद झाली होती.

दुसऱ्या वर्षी सोलापूरहून एक डॉक्टरीणबाई यायला लागल्या,
दर बेस्तरवारी, समाजमंदिरात.
बीपी बघायच्या, पोरांचं वजन महानंदा आशाताई करायच्या,
आणि जाता जाता बाई प्रत्येकाला विचारायच्या,
झोप लागते का?
लोक हसायचे.
म्हशी गेल्या, मोटार गेली, झोपेचं काय घेऊन बसलाव, बाई?
पाचव्या का सहाव्या खेपेला जैनबी मुलाणी म्हणाली,
डोळा लागला की भिंतीत पाणी चढताना ऐकू येतं.
कुणी हसलं नाही.
मग धोंडाप्पानं सांगितलं, तो रोज तीनला उठतो,
बॅटरी घेऊन घाटाच्या पायऱ्या मोजून येतो.
उन्हाळ्यातसुद्धा. नदीत वाळू असतानासुद्धा.
मग त्याची सून. मग मास्तर.
मग मी.
प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्या एकट्याचंच आहे.
त्या दिवशी चहा दोनदा झाला.

बरं होणं कधी सुरू झालं, मला सांगता येणार नाही.
महानंदाताईंच्या वहीत असेल कुठं,
दोनशे ग्रॅम, दीडशे ग्रॅम, असं.
शाळेच्या भिंतीवर पुराची रेघ होती,
तिच्यावरून यंदा रंग दिला,
पावसाळ्यात ती पुन्हा आतून उमटली.
पोरं तिला पाठ लावून उंची मोजतात आता.
दोघं वर निघालेत.

आज सकाळी नळ सोडला.
ओटीची बाटली उघडायच्या आत
विरेश ओंजळ लावून घटाघटा प्याला.
मी ओरडलो. तो तोंड पुसत पळाला.
बाया लग्नाच्या जेवणाचं काहीतरी बोलत होत्या,
घागरी भरत होत्या,
माझ्या हाताकडं कुणाचीच नजर नव्हती.
मी नळी उजेडाकडं धरली.
आलं होतं.
वहीत तारीख टाकली, सही केली.
खोटं कशाला बोलू, जरा एकटं वाटलं.

मग उंबऱ्यावरून,
तोंडाच्या एकाच बाजूनं, मल्लव्वा म्हणाली,
"पि... आं... का?"

आलं, म्हटलं. आलं बग.
आणि नळी घेऊन तिच्यापर्यंत चालत गेलो.