पंचाहत्तर फूट

तक्रार एप्रिलात आली. खाडीतला बर्फ अजून काळपट, अडकलेला.
दोन ओळी: शेजारची शेड पाण्याच्या फार जवळ आहे,
आमच्या खिडकीतून सूर्यास्त अर्धाच दिसतो.

सूर्यास्ताबद्दल टाउनशिपच्या नियमावलीत काही नाही.
शेडबद्दल आहे. कलम सोळा, पोटकलम चार:
एकशेवीस चौरस फुटांपर्यंत, उंची दहा,
रंग मातीचा नाहीतर झाडांचा,
नळ नको, शेगडी नको, आत माणसानं राहायचं नाही,
आणि जलरेषेपासून पंचाहत्तर फूट.

टेप घेऊन गेले.
एइनो रांताला दारातच उभा, कानटोपी घातलेला, एकाच पायात बूट.
टेपचं टोक त्यानं स्वतःच कोपऱ्याच्या खांबाला लावून धरलं,
शिंप्यापुढे माणूस आपणहून हात वर करतो तसं.

जलरेषा म्हणजे आज पाणी आहे तिथली नव्हे,
हे दर उन्हाळ्यात कुणाला तरी सांगावं लागतं.
पाणी जिथवर पुन्हा पुन्हा येऊन गेलं,
दगडांवर डाग ठेवून गेलं,
जिथून गवताची जात बदलते, ती.

एकसष्ट फूट चार इंच.

तो आत गेला. बिस्किटांचा डबा घेऊन आला.
डब्यात परवाना, एकोणीसशे एकाहत्तरचा,
बापाची सही, आमचाच शिक्का,
आणि आकडा: एक्क्याऐंशी.
"शेड जागची हललेली नाही," म्हणाला.
"तळं चालत आलंय."
खरं होतं. खालच्या ओढ्यावर बीव्हरांनी बांध घातलाय.
त्यांना पाण्यापासून शून्य फूट चालतं,
परवाना लागत नाही.

मग मी जुन्या बांधकामांचं कलम वाचून दाखवलं.
दुरुस्ती करा, पुन्हा बांधू नका.
या वर्षी एक फळी बदला, पुढल्या वर्षी दोन,
निम्म्याच्या वर गेलात की ती नवी शेड,
आणि नव्या शेडला इथे जागा नाही.
"माझा एक गुडघा बदललाय," तो म्हणाला,
"दोन्ही डोळ्यांतली भिंगं. खालचे दात."
अजून निम्म्याच्या आत आहात, मी म्हणाले.
तेव्हा कुठे हसला.

आत बघावं लागतं. बघितलं.
वल्ही तीन. बर्फ भोकसायचा गिरमिट.
आमिषाची बादली, तळाला सुकलेले खवले.
जीवरक्षक जाकिटं दोन, धाकट्यावर शाईनं नाव: हेल्मी.
त्याखाली खाट. खाटेवर चादर, नीट खोचलेली,
उशाशी थर्मास, अजून कोमट.

एइनो, मी म्हणाले, इथे राहता येत नाही.
"राहत नाही," तो म्हणाला. "घरात राहतो.
इथे मला ठेवलंय."

वीस वर्षं हे काम करतेय.
साठवण या शब्दाची व्याख्या नियमावलीच्या मागे आहे,
साडेतीन ओळींची. पाठ आहे.
तिथेच उभी राहून मनात दोनदा म्हणून पाहिली.
दुसऱ्या वेळी एक शब्द कुठेतरी अडला.

अर्जावर लिहिलं: बांधकाम जुने. अंतर एकसष्ट, कारण तळे.
वापर: साठवण.
सामानाच्या रकान्यात वल्ही, गिरमिट, बादली,
आणि पुढे "इत्यादी".

शेजाऱ्यांच्या खिडकीकडे पाहिलं नाही.
गाडीपाशी टेप गुंडाळताना
टोकाकडचे चारेक इंच ओले लागले.
फडक्यानं पुसले. नाहीतर गंजतात,
आणि मग आकडे वाचता येत नाहीत.