ड्रॉवर चौदा

डांबरगोळ्या बदलता बदलता
हिराजीमामा लेबलं वाचतात, परळच्या कॉलेजात.
कोलिऑप्टेरा, म्हणजे पंख म्यानात.
नखानं ठोका, वाजतो भुंगेरा.
लेपिडॉप्टेरा, खवले. बोटाला चिकटतात
मांदेलीचे चिकटतात तसे, वास तेवढा नाही.
ओडोनाटा म्हणजे दातवाला.
आम्ही त्याला चतुर म्हणायचो,
शेपटीला दोरा बांधायचो वरळीच्या खडकांवर.
चतुर कोण होतं, दात कुणाला होते,
जाऊ दे.

माशीपाशी थांबतात.
डिप्टेरा. दोनच पंख.
मागच्या दोघांची टाचणीएवढी दांडकी झाली,
भिंग लावा, दिसतील.
ती कापली तर माशी उडते हो,
पण गिरक्या खात
खाली येते.

डावा हात खिशातच.
ड्रॉवर ते कोपरानं ढकलतात.